व्हॉल्व्हचा जुना रेडिओ पुन्हा बोलता करताना

माळ्यावरून काढलेला किंवा जुन्या बाजारातून उचललेला व्हॉल्व्हचा रेडिओ टेबलावर आला की प्लग लावून बघायचा मोह होतो. नेमकं तेच करायचं नाही. वीस-तीस वर्षं बंद पडलेल्या सेटमधले फिल्टर कंडेन्सर आणि मेण लावलेले कागदी कंडेन्सर बहुतेक वेळा गळके झालेले असतात. थेट २३० व्होल्ट दिले की गळक्या फिल्टरमधून भरमसाट करंट वाहतो, एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह जातो आणि त्याच्या मागोमाग मेन ट्रान्सफॉर्मर धूर सोडतो. कंडेन्सर कुठेही मिळतात, व्हॉल्व्ह शोधून मिळतो, पण ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च कित्येकदा सेटच्या किमतीवर जातो.

इथे नजरेसमोर आहे तो १९५५ ते १९७० या काळातला, आपल्याकडे घरोघरी असलेला टेबलावरचा सेट. एक मीडियम वेव्ह, दोन-तीन शॉर्ट वेव्ह बँड आणि व्हॉल्व्हची ही जोडणी: ईसीएच ८१ हा स्टेशनची लहर एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे आयएफवर, आणणारा कन्व्हर्टर, ईबीएफ ८९ हा ती आयएफ वाढवणारा आणि तिच्यातून आवाज वेगळा काढणारा डिटेक्टर, ईसीएल ८२ हा ऑडिओ आणि आउटपुट, ईझेड ८० हा रेक्टिफायर. मोठ्या सेटमध्ये ईसीएल ८२ च्या जागी ईबीसी ८१ आणि ईएल ८४ अशी जोडी असते आणि सोबतीला हिरवा मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते उजेडाने दाखवणारा व्हॉल्व्ह. कंपनी कोणतीही असो, आतली मांडणी थोड्याफार फरकाने हीच.

सेटची जात आधी ओळखा

व्हॉल्व्हच्या नावाचं पहिलं अक्षर बघा. ‘ई’ असेल तर हीटर ६.३ व्होल्टचा, सेटमध्ये जड मेन ट्रान्सफॉर्मर आणि चॅसिस, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, सहसा मेनपासून सुटा. हा एसी सेट. ‘यू’ असेल, म्हणजे यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५, तर तो एसी-डीसी सेट. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. सगळे हीटर १०० मिलिअँपिअरच्या एकाच माळेत असतात आणि चॅसिस थेट मेनच्या एका तारेला जोडलेलं असतं. प्लग उलटा बसला तर अख्ख्या चॅसिसवर फेज येतो. नॉबच्या खाचेतला बारीक स्क्रूसुद्धा मग झटका देतो, आणि म्हणूनच कारखान्यातून येताना त्या खाचा मेणाने बुजवलेल्या असत.

यू मालिकेचा सेट दुरुस्त करताना २३०ला २३० व्होल्टचा, १०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घातल्याशिवाय हात लावू नका. डिमरसारखा फिरवायचा ऑटो ट्रान्सफॉर्मर मेनपासून सुटका करत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. असल्या चॅसिसला अर्थिंगही द्यायचं नाही. पहिलाच सेट शिकायला घेत असाल तर एसीचाच घ्या, यू मालिका पुढे कधीतरी.

तिसरी जात बॅटरी सेटची. वीज नसलेल्या गावांत हे सेट ९० व्होल्टच्या ड्राय बॅटरीवर चालत. त्यात डीके ९६, डीएफ ९६ असे ‘डी’चे व्हॉल्व्ह असतात आणि त्यांचा हीटर जेमतेम १.४ व्होल्टचा. त्याला चुकून ६.३ व्होल्ट लावले की क्षणात खेळ खलास.

उघडणं आणि साफसफाई

मागचा पुठ्ठा काढल्यावर सगळ्यात आधी मोबाइलने फोटो काढा: वरून, मागून, चॅसिसच्या खालून आणि डायलच्या दोरीचे चारी बाजूंनी. घट्ट बसलेला नॉब स्क्रूड्रायव्हरने उचकटला तर कॅबिनेटवर वण पडतो. नॉबमागे कापडाची पट्टी अडकवून सरळ बाहेर ओढा. चॅसिस साधारण चार बोल्टांवर तळातून बसवलेलं असतं.

व्हॉल्व्ह काढताना कुठला कुठे होता ते लिहून ठेवा आणि हलकेच डोलवत सरळ वर घ्या. काचेवरची अक्षरं बोटाच्या घामानेही पुसली जातात, त्यामुळे काच ओल्या फडक्याने घासायच्या भानगडीत पडू नका. काचेच्या डोक्यावर आतून चंदेरी डाग असतो. तो काळपट-चंदेरी असेल तर व्हॅक्यूम शाबूत, दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेला तडा जाऊन हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह फेकण्याच्या लायकीचा.

डायलच्या काचेवर स्टेशनांची नावं मागच्या बाजूने छापलेली असतात. पन्नास-साठ वर्षांनी तो रंग काचेला नावापुरता चिकटलेला असतो. काच पुसायच्या फवाऱ्याचा एक थेंब मागच्या बाजूला लागला की ‘मुंबई’, ‘दिल्ली’, ‘सिलोन’ सगळं फडक्यावर उतरतं. पुढची कोरी बाजू पुसा, मागची फक्त मऊ कोरड्या ब्रशने झटका. नाव उडालेली डायल पुन्हा मिळत नाही.

चॅसिसवरची धूळ रंगाच्या ब्रशने आणि ब्लोअरने काढा, पाणी वापरू नका. उंदरांचा वावर झालेला असेल तर त्यांच्या मुतामुळे पत्रा आणि तारा गंजलेल्या असतात. तिथे स्पिरिटचा बोळा फिरवा आणि हातमोजे घाला. यू मालिकेच्या सेटमध्ये जास्तीचं व्होल्टेज पाडणाऱ्या आणि त्यामुळे तापणाऱ्या ड्रॉपर रेझिस्टरजवळ राखाडी पुठ्ठ्यासारखा पत्रा असेल तर तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. तो खरवडू नका, ब्लोअरही मारू नका.

बँड स्विच आणि व्हॉल्यूम कंट्रोलसाठी इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. दोन थेंब टाका आणि बटण वीस-पंचवीस वेळा फिरवा. गंज सोडवायचं तेल इथे नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो. पॉलिश पेपरही नको, संपर्कावरचा चांदीचा मुलामा निघून जातो. गँगच्या, म्हणजे स्टेशन लावणाऱ्या फिरत्या कंडेन्सरच्या, पत्र्यांमध्ये सुका ब्रश फिरवा आणि बेअरिंगला ग्रीसचा एक ठिपका लावा. गँगखालचे रबरी बुश दगडासारखे झाले असतील तर बदला, नाहीतर आवाज मोठा केल्यावर स्पीकरची थरथर गँगमध्ये जाऊन सेट ओरडू लागतो.

वीज न देता मीटरने बघायचं

मेनची दोरी जुनी असेल तर बदलायचीच. एसी सेटला ०.७५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल घाला, हिरवी तार चॅसिसला जोडा आणि फेजमध्ये ५०० मिलिअँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज बसवा. असा सेट ४०-५० वॉट खातो, म्हणजे पाव अँपिअरच्या आसपास. मागच्या व्होल्टेज सिलेक्टरवर २४० किंवा २४५चा खाचा असेल तर तोच ठेवा. आपल्याकडे रात्री उशिरा लाइन २४५च्या वर जाते. २२०वर ठेवलेल्या सेटमध्ये हीटरपासून कंडेन्सरपर्यंत सगळ्यांवर फुकटचा ताण येतो.

मेन ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी, म्हणजे वीज आत घेणारं वाइंडिंग, दोन आकडी ओहम दाखवतो. रेक्टिफायरला जाणाऱ्या हाय टेन्शन वाइंडिंगच्या दोन्ही अर्ध्या भागांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. बाहेरच्या थराला तार जास्त लागते, त्यामुळे दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकाची काळजी नको. स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी साधारण २०० ते ६०० ओहम आणि सेकंडरी, म्हणजे बाहेर देणारं वाइंडिंग, एक ओहमच्या आत. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या सेटमध्ये हा प्रायमरी तुटलेला सापडण्याची शक्यता मोठी. दमट हवेत केसासारखी बारीक तार हिरवी पडून आतल्या आत खाल्ली जाते. ६.३ व्होल्टच्या व्हॉल्व्हचा हीटर, पिना ४ आणि ५ मध्ये, थंड असताना दोन-चार ओहमच दाखवतो. यू मालिकेत माळेतला एक हीटर तुटला की सगळे विझतात, मग एकेक व्हॉल्व्ह काढून मोजायचा.

कार्बनचे रेझिस्टर म्हातारपणी वरच चढतात, खाली क्वचितच येतात. २२० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर ३०० किलोओहम झालेला नेहमी आढळतो. छापील किमतीपासून वीस टक्क्यांहून लांब गेलेला बदला, बाकीचे राहू द्या.

कंडेन्सर: अर्धी दुरुस्ती इथेच

सरसकट सगळे कंडेन्सर बदलायची गरज नसते, पण कुठले बदलायचे यात चूक झाली तर महागात पडते. चौकोनी मायका आणि रंगाचे पट्टे असलेले छोटे सिरॅमिक सहसा ठणठणीत असतात, त्यांना हात लावू नका. आयएफच्या डब्यातल्यांना तर नकोच. काढायचे ते मेणाचे किंवा डांबराचे कागदी आणि सगळे इलेक्ट्रोलिटिक.

सुरुवात करायची ती कपलिंग कंडेन्सरपासून, जो आवाजाचा सिग्नल पुढे देतो पण डीसी अडवतो. व्हॉल्व्हमध्ये कॅथोडकडून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेट गोळा करते आणि मधली ग्रिड त्यांना आवर घालते; ट्रायोडमध्ये एक ग्रिड, पेंटोडमध्ये तीन, त्यातली दुसरी म्हणजे स्क्रीन. ईसीएल ८२ मध्ये तो ट्रायोडच्या प्लेटपासून, म्हणजे पिन ९ पासून, पेंटोडच्या ग्रिडपर्यंत, म्हणजे पिन ३ पर्यंत जातो. ईएल ८४ असेल तर ग्रिड पिन २ वर. किंमत ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरड. हा जरासा गळका असला तरी काय होतं ते आकड्यात बघा: प्लेटवर १०० व्होल्ट, कंडेन्सरची गळती १० मेगाओहम आणि ग्रिड रेझिस्टर ४७० किलोओहम, तर ग्रिडवर जवळजवळ साडेचार व्होल्ट धन चढतात. आउटपुट व्हॉल्व्ह दुप्पट करंट ओढू लागतो, आवाज फाटतो, व्हॉल्व्ह लालबुंद होतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर तापतो आणि रेक्टिफायर थकतो. सेट मात्र बोलत असतो, म्हणून वापरणाऱ्याला पत्ताच लागत नाही. मीटरवर नऊ व्होल्टच्या बॅटरीने तपासून हा दोष कळेलच असं नाही, कागदाची गळती खऱ्या व्होल्टेजलाच तोंड दाखवते. तपासत बसू नका, बदलून टाका.

कागदीच्या जागी तेवढ्याच किमतीचे ६३० व्होल्टचे पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घाला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर आडवा बसलेला ०.००४७ च्या आसपासचा कंडेन्सर मात्र १००० व्होल्टच्या वरचाच हवा, तिथे ऑडिओचे झटके मोठे येतात. मेनच्या दोन तारांमधला ‘एक्स २’ वर्गाचा आणि मेनपासून चॅसिसपर्यंत जाणारा ‘वाय २’ वर्गाचा, हे ठरलेलं; मेनवर वापरायच्या सुरक्षित कंडेन्सरचे हे वर्ग. यू मालिकेत एरियलच्या सॉकेटमध्ये लपलेला कंडेन्सरही वाय वर्गाचा घाला. तो शॉर्ट झाला तर गच्चीवरच्या तारेत फेज येतो.

फिल्टरचा ॲल्युमिनियमचा डबा सहसा ५० + ५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचा असतो. त्याच्या जागी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ अंशांचे दोन कंडेन्सर चॅसिसच्या खाली टॅग पट्टीवर बसवा. जुना डबा शोभेला वरच ठेवा, पण त्याच्या तारा पूर्ण सोडवा. नुसता नवा समांतर जोडून जुना गळका तसाच ठेवणं ही बाजारातली आवडती शॉर्टकट पद्धत, आणि तीच पुढे सेट बसवते. ‘गुरगुर कमी होईल’ म्हणून पहिला कंडेन्सर १०० किंवा २२० चा घालू नका. ईझेड ८० ची मर्यादा ५० मायक्रोफॅरडची आहे. त्याहून मोठ्या कंडेन्सरच्या चार्जिंगचा झटका त्याच्या कॅथोडला झेपत नाही आणि आत ठिणग्या पडतात. कॅथोडचा २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा बदलून ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा घाला. धन-ऋण टोकं दोनदा बघा.

एकेक कंडेन्सर काढून लगेच नवा लावा. दहा एकदम काढले की मग फोटोही कामाला येत नाहीत. रबराच्या आवरणाच्या तारा वाकवताच भुगा होतो, त्यांच्यावर फायबरची स्लीव्ह चढवा किंवा तारच बदला.

पहिल्यांदा वीज

सिरीज दिवा लागेल: ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब, सेटच्या फेजमध्ये मालिकेत. एलईडी चालत नाही, कारण इथे बल्बची तार तापून तिचा रोध वाढणं हेच कामाचं आहे.

आधी रेक्टिफायर काढून ठेवा आणि बाकीचे व्हॉल्व्ह लावून सेट चालू करा. बल्ब क्षणभर चमकून जवळपास विझायला हवा, कारण फक्त हीटर आणि डायलचे दिवे मिळून दहा-पंधरा वॉटचा भार असतो. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा हीटरच्या तारेत शॉर्ट आहे. सगळ्या सेकंडरी सोडवूनही तो पेटलेलाच राहिला तर ट्रान्सफॉर्मर गेला.

हे पार पडलं की स्पीकर जोडलेला आहे याची खात्री करा, स्पीकरविना आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर उच्च व्होल्टेज उसळून त्याचं इन्सुलेशन फुटतं. मग सेट बंद करून ईझेड ८० लावा. पंधरा-वीस सेकंदांनी बल्ब थोडा उजळून मंद पातळीवर स्थिरावतो. रेक्टिफायरच्या प्लेट लाल होत नाहीत आणि नवे कंडेन्सर कोमट होत नाहीत ना, ते बघा. पाच मिनिटं शांत गेली की ६० च्या जागी १०० वॉटचा बल्ब, आणि मग थेट मेन.

मीटर लावताना एक हात खिशात ठेवा, काळा क्लिप चॅसिसला लावा आणि लाल टोकाने फक्त टोचा. बंद केल्यावरही फिल्टरमध्ये २५० व्होल्ट टिकून असतात. २.२ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरला दोन इन्सुलेटेड क्लिप लावून तो काही सेकंद जोडा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करणं सोडून द्या.

व्होल्टेज काय सांगतात

रेक्टिफायरच्या पिन ३ वर २४० ते २८० व्होल्ट डीसी, फिल्टरनंतर २०० ते २४०. ईसीएच ८१ आणि ईबीएफ ८९ दोघांच्या पिन ६ वर जवळपास तेवढेच, त्यांच्या पिन १ वर, म्हणजे स्क्रीनवर, ८० ते १०५. ईसीएल ८२ च्या पिन ९ वर ६० ते ११०, पिन ६ वर फिल्टरच्या पहिल्या टोकापेक्षा दहा-पंधरा व्होल्ट कमी आणि कॅथोडला, पिन २ वर, १२ ते १८. कॅथोडच्या व्होल्टेजला त्याच्या रेझिस्टरने भागलं की व्हॉल्व्हचा करंट मिळतो: १६ व्होल्ट आणि ३९० ओहम म्हणजे ४१ मिलिअँपिअर, हे ठीक. ६० आले तर ग्रिडकडे बघा. सर्व्हिस शीटवरचे आकडे जुन्या काट्याच्या मीटरने घेतलेले असतात, त्यामुळे आजच्या डिजिटल मीटरवर काही ठिकाणी जास्त दिसणं साहजिक आहे.

ईसीएल ८२ च्या पिन ३ वर, ग्रिडवर, शून्य हवेत, काही सेटमध्ये उणे. धन आले तर कपलिंग कंडेन्सरचं एक टोक सोडवा. आता शून्य झाले तर कंडेन्सर दोषी. तरीही धनच राहिले आणि तापल्यावर वाढत गेले तर व्हॉल्व्हमध्ये गॅस झाला आहे, तो बदला.

पिन ६ वर शून्य, पिन ७ वर पूर्ण व्होल्टेज आणि व्हॉल्व्हच्या आतली स्क्रीनची जाळी लाल झालेली, असं चित्र दिसलं तर ताबडतोब बंद करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी तुटला आहे आणि प्लेटचा सगळा करंट बिचाऱ्या स्क्रीनच्या वाट्याला आला आहे. नवा बनवून घेताना ईसीएल ८२ किंवा ईएल ८४ साठी प्रायमरी ५ किलोओहम आणि सेकंडरी स्पीकरप्रमाणे ३ ते ५ ओहम असं सांगा.

सेट बोलत नाही

शोध मागून पुढे घ्यायचा, स्पीकरकडून एरियलकडे. व्हॉल्यूम पूर्ण करून व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरचं टोक लावा. जोरात ‘घुंSS’ आलं तर ऑडिओ ठीक आहे. नाही आलं तर ट्रायोडच्या प्लेटचं व्होल्टेज, स्पीकरच्या तारा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, या क्रमाने जा.

ऑडिओ ठीक आहे, एरियल लावल्यावर नुसती सळसळ येते आणि एकही स्टेशन नाही, तर ऑसिलेटर, म्हणजे आयएफ तयार करायला लागणारी लहर देणारा ईसीएच ८१ चा भाग, थांबला असण्याची शक्यता जास्त. ईसीएच ८१ च्या पिन ९ वर ऋण व्होल्टेज मोजा. मीटरच्या टोकाला एक मेगाओहमचा रेझिस्टर मालिकेत लावा, नाहीतर मीटरच ऑसिलेटर बंद पाडतो. उणे ४ ते उणे १२ आले तर तो चालू आहे. मीटरशिवायही कळतं: जवळ ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवा आणि जुन्या सेटचा काटा ६०० किलोहर्ट्झवर आणा. आयएफ ४५५ असेल तर ऑसिलेटर १०५५ वर असतो. ट्रान्झिस्टर १०५५ च्या आसपास फिरवताना शिट्टी किंवा एकदम शांतता मिळाली आणि जुन्या सेटचा नॉब हलवताच ती जागा सरकली, तर ऑसिलेटर जिवंत आहे. बंद असेल तर आधी बँड स्विच साफ करा, मग ईसीएच ८१ बदलून बघा, मग पिन ८ चा रेझिस्टर. एका बँडवर बोलतो आणि दुसऱ्यावर मुका, तर व्हॉल्व्हला दोष देऊ नका, स्विच किंवा त्या बँडची कॉइल बघा.

गुरगुर दोन प्रकारची असते. जाड, १०० हर्ट्झची, व्हॉल्यूम कमी केली तरी तेवढीच राहणारी ती फिल्टरची. मऊ ५० हर्ट्झची असेल तर एखाद्या व्हॉल्व्हच्या हीटर-कॅथोडमध्ये गळती, किंवा रेक्टिफायरची एक बाजू बंद. यू मालिकेत रेक्टिफायर अर्ध-लहरी असल्याने तिथे ५० हर्ट्झच फिल्टरची खूण. स्टेशन लागल्यावरच गुरगुर येत असेल तर मेनवरचा कंडेन्सर बघा.

खरखर असेल तर लाकडी पेन्सिलीने एकेक व्हॉल्व्हवर टिचकी मारा. होल्डरच्या पिना ढिल्या असतील तर बारीक सुईने, वीज बंद असताना, आवळा. ट्यूनिंग फिरवताना एकाच जागी खरखर येत असेल तर गँगचा पत्रा घासतो आहे. आवाज सुरुवातीला बरा आणि अर्ध्या तासाने फाटका, हे लक्षण गॅस झालेल्या आउटपुट व्हॉल्व्हचं. मॅजिक आय अंधुक असेल तर आधी त्याच्या प्लेटचा ४७० किलोओहम किंवा १ मेगाओहमचा रेझिस्टर मोजा. तो बरोबर असेल तर हिरवा लेप झिजला आहे, त्याला इलाज नाही.

‘व्हॉल्व्ह वीक झालाय’ हे निदान सगळ्यात शेवटी. कंडेन्सर आणि रेझिस्टर नीट असताना हे व्हॉल्व्ह हजारो तास चालतात. लागलेच तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्यात तपकीर गल्ली आणि जुना बाजार इथे विचारा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले, बीईएल छापाचे व्हॉल्व्ह जुन्या साठ्यात अजून निघतात आणि परदेशी मालाच्या तोडीस तोड चालतात.

अलाइनमेंट: हात शिवशिवत असले तरी थांबा

आयएफचे डबे आणि कॉइलचे कोर फिरवायची घाई करू नका. कारखान्यात मेणाने बंद केलेला कोर आपोआप फिरत नाही, आणि मेण शाबूत असेल तर त्याला हात लावायचं कारणच नसतं. कोणीतरी आधी कारागिरी केलेली दिसली तरच पुढे वाचा.

आयएफ साधारण ४५५ किलोहर्ट्झ, फिलिप्सच्या बऱ्याच सेटमध्ये ४५२ आणि काही इंग्रजी डिझाइनच्या सेटमध्ये ४७० पर्यंत. सेटची शीट मिळवा. सिग्नल जनरेटर ०.०१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टच्या कंडेन्सरमधून ईसीएच ८१ च्या पिन २ ला द्या, गँग पूर्ण मिटवा आणि स्पीकरवर एसी मीटर लावा. सिग्नल ऐकू येईल इतपतच ठेवा, मोठा केला की आवाज आपोआप सारखा ठेवणारा एव्हीसी काम करू लागतो आणि शिखर सापडत नाही. दुसऱ्या आयएफपासून सुरू करून पहिल्याकडे या, प्रत्येक कोर जास्तीत जास्त आवाजाला आणून सोडा. पेचकस प्लॅस्टिकचा, टोक कोरच्या खाचेत नेमकं बसणारं. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने आकडे खोटे येतात आणि अडकलेला फेराइट कोर दोन तुकडे होतो. कोर जाम असेल तर सोल्डरिंग आयर्न जवळ धरून मेण सैल करा.

मग मीडियम वेव्ह. ६०० किलोहर्ट्झवर ऑसिलेटरच्या कॉइलचा कोर, १४०० वर ऑसिलेटरचा ट्रिमर, म्हणजे पेचकसाने फिरवायचा छोटा कंडेन्सर, पुन्हा ६००, पुन्हा १४००, दोन्ही टोकं काट्यावर जुळेपर्यंत. मगच एरियलची कॉइल आणि ट्रिमर, त्याच दोन जागी, आवाज वाढवण्यापुरते. ऑसिलेटर स्टेशनची जागा ठरवतो, एरियल कॉइल फक्त ताकद.

दोरी, स्पीकर, पेटी

डायलची दोरी तुटली असेल तर विणलेली नायलॉनची ०.६ ते ०.८ मिलिमीटरची घ्या. मासेमारीचा गुळगुळीत एकतारी धागा घसरतो आणि उन्हाळ्यात लांबतो. ट्यूनिंगच्या दांड्यावर अडीच-तीन वेढे, स्प्रिंग अर्धी ताणलेली. तरी घसरली तर राळेची चिमूटभर पूड. काटा सगळ्यात शेवटी, गँग पूर्ण मिटवून डायलच्या टोकाला चिकटवा.

स्पीकरचा फाटलेला कोन टिश्यू पेपर आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलने सांधता येतो. सुटलेला व्हिनिअर फेव्हिकॉल आणि क्लॅम्पने, पॉलिश चपडा लाखेचं. वाळवीचा संशय असेल तर पेटी घरातल्या लाकडापासून लांब ठेवूनच औषध मारा. बॅकेलाइटला मेटल पॉलिश पुरतं.

एरियल, अर्थ आणि आज लागणारी स्टेशनं

पाच ते दहा मीटरची तार खिडकीबाहेर आणि एसी सेटला खरं अर्थिंग, एवढ्याने फरक पडतो. पूर्वी खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळीदार पट्टी हेच काम करायची. आज खरा शत्रू घरातच आहे: एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. सेट दुरुस्त असूनही नुसती करकर येत असेल तर घराचा मेन स्विच पाडा आणि बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर त्याच जागी लावून बघा. करकर थांबली तर दोष सेटचा नाही.

डायलवरच्या गावांच्या नावांवर विसंबू नका. १९७८ पासून मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने मांडली गेली, त्यामुळे त्याआधी छापलेल्या नावांचा मेळ बसत नाही. पुण्याची आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ३७९ मीटर, मुंबई १०४४ म्हणजे २८७ मीटर आणि ५५८ म्हणजे ५३८ मीटर. मीटरच्या डायलवर काटा आणायचा तर ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागा. अलीकडे आकाशवाणीने देशातले बरेच मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केले आहेत, त्यामुळे सेटवर शंका घेण्याआधी ते स्टेशन ट्रान्झिस्टरवर लागतं का ते पाहा.

मागच्या बाजूला पिकअपचे दोन सॉकेट असतात, पूर्वी तिथे ग्रामोफोन लागायचा. एसी सेटला तिथे मोबाइल जोडता येतो: डाव्या आणि उजव्या तारेत प्रत्येकी ४.७ किलोओहम घालून दोन्ही एकत्र करा आणि ०.१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टच्या कंडेन्सरमधून आत द्या. यू मालिकेच्या सेटला हे कधीही करायचं नाही. तिथे सॉकेटचं एक टोक मेनला आहे, आणि मोबाइल तुमच्या हातात.